खारपाण (खारं भूजल असलेल्या) पट्ट्यातल्या प्रशिक्षणासाठी प्रश्न: किडनीतली सूज आणि वण यांत पेशींवरच्या रिसेप्टरचं नेमकं काम काय?

तेल्हारा_प्रशिक्षक

नमस्कार मंडळी. तेल्हारा-संग्रामपूर भागातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचं आणि आशाताईंचं किडनीच्या आजारावर एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. "मीठ कमी करा, दुखण्याच्या गोळ्या टाळा" हे सगळ्यांना पाठ आहे. त्यामागचं 'का' सांगता आलं तर गावात त्यांच्या शब्दाला वजन येईल, म्हणून इथे विचारतो.

१. किडनीत सूज सुरू होते ती पेशींवरच्या कुठल्या रिसेप्टरमुळे (रिसेप्टर म्हणजे संदेश पकडणारा रेणू), आणि त्या सुजेचा पुढे कायमचा वण, म्हणजे फायब्रोसिस, कसा होतो?

२. बीपी बरोबर असलेल्या मधुमेहीलाही लघवीत प्रथिनं दिसली की टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन ही बीपीची गोळी देतात. मग महिन्याभरात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) थोडं वर चढतं आणि माणूस येऊन विचारतो, "गोळी किडनीसाठी देल्ली, तं क्रिएटिनिन वाढलं काऊन?" याचं खरं आणि सोपं उत्तर काय?

३. इतके रिसेप्टर माहीत आहेत तर वण थांबवणारं थेट औषध अजून का नाही?

४. मे महिन्यात शेतात राबणाऱ्या माणसाला या गोळ्या चालू असतील तर काय सांगायचं?

पेशीच्या पातळीवरचं सविस्तर लिहिलंत तरी चालेल, सोपं करायचं काम मी करतो.

---

औषधशास्त्र_वर्धा

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. दुसऱ्या-चौथ्यावर गावात काम करणाऱ्यांनी लिहावं.

एक आग्रह धरतो: शिकवताना सुरुवात गाळणीपासून करू नका, नळीपासून करा. बहुतेक पुस्तकं ग्लोमेरुलस, म्हणजे ही गाळणी, रंगवतात, पण किडनी पुढे किती टिकेल हे नळ्यांच्या मधल्या जागेत किती वण पडलाय यावरून जास्त नीट कळतं. गाळणीतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गळतो आणि त्यातला साधारण दोन तृतीयांश सुरुवातीची नळी परत ओढून घेते. या कामाला प्राणवायू भरपूर लागतो, त्यामुळे रक्तपुरवठा कमी पडला, विष आलं किंवा प्रथिनांचा मारा झाला की आधी तीच घायकुतीला येते.

या नळीच्या पेशींवर टोल-लाइक रिसेप्टर असतात, त्यातले टीएलआर-२ आणि टीएलआर-४ महत्त्वाचे. त्यांचं मूळ काम जंतूंचे तुकडे ओळखणं. पण मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारा माल, म्हणजे केंद्रकातलं एचएमजीबी-१ प्रथिन, पेशींबाहेरच्या जाळीतून सुटलेलं बायग्लायकॅन, हेही त्यांना जंतूसारखंच वाटतं. म्हणून एकही जंतू नसताना किडनीत सूज येते. टीएलआर-४ चेतला की पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हा जनुकं चालू करणारा घटक केंद्रकात शिरतो आणि इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा, एमसीपी-१ या सूज वाढवणाऱ्या रेणूंचं उत्पादन सुरू होतं. त्यातलं एमसीपी-१ रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरच्या सीसीआर-२ रिसेप्टरला चिकटतं आणि त्या पेशी किडनीत ओढल्या जातात. तिथे त्यांच्या मॅक्रोफेज, म्हणजे मोडतोड गिळणाऱ्या पेशी, होतात. टीएनएफचे दोन रिसेप्टर आहेत. त्यांचे सुटे तुकडे रक्तात किती तरंगतात यावरून मधुमेहीची किडनी किती वेगाने खालावेल याचा चांगला अंदाज येतो, एवढी ही साखळी आजाराशी जोडलेली आहे.

लघवीतल्या प्रथिनांची गोष्ट इथेच सांगा. नळीच्या पेशीवर मेगॅलिन आणि क्युबिलिन असे दोन रिसेप्टर असतात. गाळणीतून निसटलेलं थोडंफार अल्ब्युमिन ते आत घेऊन पचवतात. गाळणी फाटकी झाली की अल्ब्युमिनचा लोंढा येतो, पेशीवर ताण पडतो आणि पुन्हा तेच एनएफ-कप्पा-बी, तेच एमसीपी-१. म्हणजे लघवीतलं प्रथिन आजाराची खूण तर आहेच, आजार पुढे ढकलणारा हातही आहे. आशाताईंना एवढं कळलं तरी लघवीची तपासणी त्या वेगळ्या नजरेने करतील.

आता वणाकडे. नळ्यांच्या मधल्या जागेत फायब्रोब्लास्ट (आधाराची जाळी विणणाऱ्या पेशी) आणि केशवाहिन्यांना बिलगलेल्या पेरिसाइट पेशी असतात. त्यांच्यावर टीजीएफ-बीटा या वण घडवणाऱ्या संदेशरेणूचे रिसेप्टर असतात. टीजीएफ-बीटा स्वतः झोपलेल्या अवस्थेत, एका प्रथिनाच्या वेष्टनात बांधलेला साठवलेला असतो. दुखावलेल्या नळीच्या पेशीवर अल्फा-व्ही-बीटा-६ नावाचं इंटिग्रिन (पेशीला जाळीशी जोडणारं प्रथिन) वाढतं, ते वेष्टन ओढून टीजीएफ-बीटा मोकळा करतं. मोकळा झालेला रेणू आधी टाइप-२ रिसेप्टरला बसतो. तो शेजारच्या टाइप-१ रिसेप्टरला जवळ ओढून फॉस्फेट लावतो. टाइप-१ पुढे स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या निरोप नेणाऱ्या प्रथिनांना फॉस्फेट लावतो, हे दोघे स्मॅड-४ ला घेऊन केंद्रकात जातात. परिणाम असा की ती पेशी मायोफायब्रोब्लास्ट बनते, तिच्यात स्नायूसारखं अल्फा-एसएमए प्रथिन येतं आणि ती कोलॅजेन-१, कोलॅजेन-३, फायब्रोनेक्टिन ओतू लागते. शिवाय पीएआय-१ आणि टिम्प-१ वाढतात, जे जुनं कोलॅजेन मोडणाऱ्या विकरांना अडवतात. एकीकडे भर, दुसरीकडे उपसा बंद. पेरिसाइट केशवाहिनी सोडून गेल्यामुळे ती वाहिनीही कोलमडते, प्राणवायू आणखी घटतो, शेजारची नळी दुखावते. भिंतीचं एक भगदाड बुजवायला बोलावलेल्या गवंड्यांनी दारं-खिडक्याही लिंपून टाकाव्यात, तसं होतं.

या साखळीत अँजिओटेन्सिन-२ (रक्तवाहिन्या आवळणारं संप्रेरक) चा एटी-१ रिसेप्टर मध्यभागी बसलाय, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे: टेल्मिसार्टन-लोसार्टन याच रिसेप्टरला अडवतात. एटी-१ म्हणजे फक्त बीपी नव्हे. तो गाळणीतून बाहेर जाणारी धमनिका आवळतो, त्यामुळे गाळणीतला दाब वाढतो. तो मेसँजियम (गाळणीतला आधाराचा भाग), नळी आणि फायब्रोब्लास्ट या सगळ्यांवर असतो आणि चेतला की टीजीएफ-बीटाचं उत्पादन वाढवतो. किडनी आपलं अँजिओटेन्सिन स्वतःही बनवते आणि तिच्या आतलं प्रमाण रक्तापेक्षा बरंच जास्त असतं. दंडावर बीपी १२० भरलं म्हणून आतला एटी-१ शांत आहे असं धरता येत नाही. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टनच्या दोन मोठ्या चाचण्यांनी टाइप-२ मधुमेहात हे दाखवून दिलं: बीपी कमी होण्यातून जेवढा फायदा समजावता येतो, त्याहून जास्त संरक्षण मिळालं.

दुसरा औषधयोग्य रिसेप्टर मिनरलोकॉर्टिकॉइडचा, म्हणजे अल्डोस्टेरॉनचा. हा पेशीच्या पडद्यावर नसतो, आत असतो आणि थेट जनुकांवर जाऊन बसतो. मॅक्रोफेज आणि फायब्रोब्लास्टमध्येही तो असतो, म्हणून तो सूज आणि वण दोन्ही वाढवतो. स्पायरोनोलॅक्टोन त्याला अडवतं, पण पुरुषी संप्रेरकाच्या रिसेप्टरलाही अडवतं, म्हणून पुरुषांचे स्तन दुखतात, वाढतात. फिनेरेनोन जास्त निवडक आहे. २०२० च्या चाचणीत मधुमेही किडनीरुग्णांमध्ये किडनी निकामी होणं, ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) ४० टक्के घसरणं किंवा किडनीमुळे मृत्यू, या एकत्रित धोक्यात त्याने १८ टक्के घट दाखवली, आणि तीही एटी-१ अडवणारं किंवा एसीई (अँजिओटेन्सिन-२ बनवणारं विकर) रोखणारं औषध आधीपासून चालू असलेल्या रुग्णांत.

एंडोथेलिन-ए रिसेप्टर, पीडीजीएफ रिसेप्टर-बीटा यांचाही वाटा आहे, पण एका दिवसाच्या प्रशिक्षणात त्यांची नावं नकोत. आणि डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध कुठलाही रिसेप्टर अडवत नाही हे स्पष्ट सांगा. एसजीएलटी-२ हा साखर-मीठ वाहून नेणारा वाहक आहे. फायदा मोठा आहे, वर्ग वेगळा.

तिसरा प्रश्न. टीजीएफ-बीटा सरळ का अडवत नाहीत? कारण सूज आवरणाराही तोच आहे. टीजीएफ-बीटा-१ चं जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच सगळ्या अवयवांच्या भडकलेल्या सुजेने मरतात. मधुमेही किडनीत टीजीएफ-बीटा विरोधी अँटीबॉडीची चाचणी झाली, फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. उंदरात मूत्रवाहिनी बांधली की ७ दिवसांत वण दिसतो, त्या नमुन्यात डझनावारी रेणू यशस्वी ठरतात. माणसाचा वण वर्षानुवर्षं साचतो, शेजारी मधुमेह, बीपी, वय सगळं असतं, तिथे तेच रेणू फिके पडतात.

---

पूर्णाकाठचा_एमओ

वर्ध्याच्या सरांनी पाया उत्तम घातला. दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाकडे येतो.

क्रिएटिनिन का वाढतं: बाहेर जाणारी धमनिका एटी-१ मुळे आवळलेली होती, गोळीने ती सैल केली. गाळणीतला दाब उतरला, म्हणून गाळण थोडं घटलं आणि क्रिएटिनिन जरासं चढलं. जो जादा दाब गाळणी फाडत होता, तोच उतरलाय. रुग्णाला म्हणायचं, "गाळणीवरचा जोर कमी केला बाप्पा, म्हणून आकडा थोडा हलला. हे आम्हाले माहीत होतं."

पण 'थोडं' म्हणजे किती, हे आकड्यात सांगा. गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत दोन्ही पुन्हा. पहिल्या ४ आठवड्यांत वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर गोळी चालू. १.२ वरून १.५ म्हणजे २५ टक्के: चालू ठेवा. १.२ वरून १.७ म्हणजे ४२ टक्के: डोस कमी करा किंवा थांबवा आणि कारण शोधा. कारणं बहुतेक वेळा तीनच निघतात: शरीरात पाणी कमी, सोबत डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी चालू, किंवा किडनीच्या धमन्या अरुंद. रक्त देण्याच्या आदल्या रात्री मटण झालं असेल तरी क्रिएटिनिन चढतं, तेही विचारा.

आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान ३० टक्क्यांच्या आतल्या वाढीला घाबरून गोळी कायमची बंद करण्यातून होतं, असं माझं ठाम मत आहे. एटी-१ पुन्हा मोकळा होतो, प्रथिन पुन्हा गळायला लागतं, आणि वर्षभर कोणाला कळत नाही कारण लघवी कोणी तपासत नाही.

पोटॅशियमची भीती मात्र खरी आहे. ५.५ च्या वर गेलं तर काय खाल्लं ते पाहा, सोबतची औषधं पाहा, डोस कमी करा. हृदयासाठी चांगलं म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ म्हणजे सोडियमच्या जागी काही पोटॅशियम क्लोराइड घातलेलं मीठ, ते या रुग्णांना नको. संत्र्याचा हंगाम असला की रस पेल्यावर पेले जातो, त्यावर आवर घाला. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलेलं कोट्रायमोक्साझोलही पोटॅशियम वाढवतं.

आणि नमुना खोटा तर नाही ना, हे आधी तपासा. उपकेंद्रावर रक्त घेतलं, तसंच बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि दुपारी तालुक्याला पाठवलं, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. थंडीत लाल पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. त्यामुळे दोन तासांच्या आत सीरम वेगळं करा, मग थंड ठेवा. दंडाला पट्टा बांधून मूठ उघड-मीट करायला लावली तरी आकडा चढतो.

फिनेरेनोन तज्ज्ञांनी सुरू केलेलं असेल तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. गजकर्णासाठी इट्राकोनाझोल आपल्याकडे सर्रास दिलं जातं. ते आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, दोन्ही फिनेरेनोनचं यकृतातलं विघटन रोखतात, औषध रक्तात साचतं आणि पोटॅशियम उसळतं. ही जोडी वर्ज्य आहे. फिनेरेनोनचा डोस ईजीएफआर २५ ते ६० ला १० मि.ग्रॅ., ६० च्या वर २० मि.ग्रॅ., आणि ४ आठवड्यांनी पोटॅशियम.

गरोदर बाईला किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईला एटी-१ रोखणारी आणि एसीई रोखणारी औषधं द्यायची नाहीत, बाळाची किडनी बिघडते. आशाताईंच्या यादीत हे पहिलं हवं. दोन्ही प्रकार एकत्रही द्यायचे नाहीत. दुप्पट अडवलं तर दुप्पट फायदा होईल असं वाटलं होतं. २००८ आणि २०१३ च्या चाचण्यांत पोटॅशियम आणि तातडीचं किडनी-अपयश वाढलं. २०१३ ची तर वेळेआधी बंद करावी लागली.

आता मे महिना. पाणी कमी झालं की किडनी गाळण टिकवायला दोन गोष्टी करते: प्रोस्टाग्लँडिन-ई-२ स्वतःच्या ईपी रिसेप्टरवर बसून आत येणारी धमनिका उघडी ठेवतं, आणि अँजिओटेन्सिन एटी-१ वर बसून बाहेर जाणारी आवळून धरतं. डायक्लोने प्रोस्टाग्लँडिन घटलं, पहिली सोय गेली, टेल्मिसार्टनने दुसरी गेली, आणि गोळी हायड्रोक्लोरोथायाझाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधासोबतची असेल तर पाणी आणखी घटलं. कंबर दुखते म्हणून ४४-४५ अंशांत काम करून आलेल्या माणसाला डायक्लोचं इंजेक्शन टोचलं की किडनी बसते ती या हिशेबाने. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५००, गरज पडली तर ६ तासांनी पुन्हा.

जुलाब, उलट्या, ताप असून खाणं-पिणं बंद, अशा दिवशी काय थांबवायचं हे चिठ्ठीवर लिहून द्या: टेल्मिसार्टन-लोसार्टनचा वर्ग, लघवीची गोळी, फिनेरेनोन-स्पायरोनोलॅक्टोन, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनचा वर्ग. नीट जेवण-पाणी सुरू झालं की २४ ते ४८ तासांनी पुन्हा चालू. 'पुन्हा चालू' हे शब्द मोठ्या अक्षरात, कारण बंद केलेली गोळी आपल्याकडे बंदच राहते. नुसतं ऊन आहे म्हणून संपूर्ण उन्हाळाभर गोळी थांबवायची नाही.

ओआरएस खारपाणात कालवू नका. एक लिटरच्या पुडीत साधं मीठ २.६ ग्रॅम असतं. टीडीएस २००० असलेल्या पाण्यात लिटरमागे २ ग्रॅम क्षार आधीच विरघळलेले आहेत. योजनेचं गोडं पाणी किंवा आरओचं पाणी वापरा.

---

काचपट्टी

बायोप्सी वाचणाऱ्याच्या बाजूने थोडं.

वर ज्या मायोफायब्रोब्लास्टचं वर्णन आलंय, ते आम्हाला अल्फा-एसएमए रंगवल्यावर नळ्यांच्या मध्ये तपकिरी रेघांसारखे दिसतात. साचलेलं कोलॅजेन ट्रायक्रोम या रंगात निळं दिसतं. अहवालात 'इंटरस्टिशियल फायब्रोसिस आणि ट्युब्युलर अॅट्रॉफी' (मधल्या जागेतला वण आणि सुकलेल्या नळ्या) असं लिहून पुढे टक्केवारी असते. आयजीए नेफ्रोपथीत (गाळणीत आयजीए अँटीबॉडी साचून होणारा आजार) तर तिची श्रेणीच आहे: २५ टक्क्यांपर्यंत टी-०, २६ ते ५० टी-१, ५० च्या वर टी-२. अहवाल हातात आला की आधी ही ओळ वाचा. टी-० मध्ये सूज भरपूर असेल तर उपचारांना वाव आहे, टी-२ मध्ये स्टेरॉइडचे दुष्परिणामच पदरात पडण्याची शक्यता जास्त. सूज मागे जाते, पातळ वणही काही अंशी विरघळू शकतो, पण जाडजूड, गुंतलेलं कोलॅजेन आणि सुकलेली नळी परत येत नाही.

आणखी एक रिसेप्टर यादीत घाला, किम-१. निरोगी नळीत तो जवळजवळ नसतो, इजा झाली की उगवतो आणि शेजारच्या मेलेल्या पेशी ओळखून गिळायला मदत करतो. इजा लवकर थांबली तर हे कामाचंच. महिनोन्महिने चालू राहिला तर तोच वणाला खतपाणी घालतो. तातडीच्या इजेतून 'बरा' झालेला रुग्ण तीन महिन्यांनी का बोलवायचा, याचं हे पेशीतलं उत्तर. घोणस चावल्यावर, डेंग्यू किंवा स्क्रब टायफसनंतर क्रिएटिनिन १.० वर आलं म्हणजे सगळं संपलं असं नव्हे. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन पाहाच.

एक रिसेप्टर असाही आहे जो स्वतःच शिकार होतो. गाळणीच्या भिंतीवरच्या पोडोसाइट पेशीवर असलेल्या पीएलए-२ रिसेप्टरविरुद्ध शरीर अँटीबॉडी बनवतं, त्यातून मेंब्रेनस नेफ्रोपथी (गाळणीची भिंत जाड होणारा आजार) होते. हे २००९ मध्ये उघड झालं आणि या आजाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत ही अँटीबॉडी सापडते. ग्रामीण भागासाठी याचा फायदा थेट आहे. अंगभर सूज, लघवीत भरपूर प्रथिनं, किडनीचं काम ठीक आणि रक्तात ही अँटीबॉडी असेल, तर पुष्कळदा बायोप्सीशिवाय निदान पक्कं धरता येतं. रक्त नागपूरला पाठवणं माणूस पाठवण्यापेक्षा सोपं. अँटीबॉडी नसेल तर पारा असलेली भस्मं आणि गोरेपणाची क्रीम यांची चौकशी करा, त्यांतूनही मेंब्रेनस होतो, फक्त लक्ष्य वेगळं असतं.

---

तेल्हारा_प्रशिक्षक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. आशाताईंकडे लघवीच्या पट्ट्या आहेत. पट्टी कोरी आली तर किडनी ठीक आहे असं सांगायचं का? आणि हेच प्रशिक्षण पुढे गडचिरोली-गोंदियाकडे न्यायचं ठरतंय, तिथे काय बदलायचं?

---

वैनगंगा_सिकल

पट्टी कोरी म्हणजे किडनी ठीक, असं सांगायचं नाही. ज्या आजारात मार नळ्यांच्या मधल्या जागेत बसतो, तिथे प्रथिनं फार गळतच नाहीत. मध्य अमेरिकेतल्या ऊस कामगारांत आणि श्रीलंकेतल्या भातशेतकऱ्यांत जो शेतमजुरांचा किडनीविकार वर्णिलाय, त्यात लघवी जवळपास स्वच्छ आणि क्रिएटिनिन चढलेलं, असंच चित्र असतं. आंध्रातल्या उद्दानममध्येही हीच तक्रार आहे. उन्हात राबणाऱ्या माणसात पाणी सतत कमी पडलं की व्हॅसोप्रेसिन (पाणी राखणारं संप्रेरक) चढं राहतं, ते नळीवरच्या व्ही-२ रिसेप्टरवर बसून लघवी दाट करतं. उंदरांच्या प्रयोगांत असंही दिसलंय की वारंवार पाणी तोडल्यावर किडनी स्वतःच ग्लुकोजपासून फ्रुक्टोज बनवते, ते जाळताना पेशीतली ऊर्जा संपते, यूरिक अॅसिड तयार होतं आणि नळी सुजते. म्हणून शेतमजुरांसाठी पट्टीसोबत वर्षातून एकदा क्रिएटिनिन हवंच. तहान भागवायला रंगीत गोड शीतपेयं देऊ नका, त्यांतून बाहेरचं फ्रुक्टोजही आत जातं.

पट्टीचंही तंत्र आहे. डबी ३० अंशांच्या खाली ठेवायची असते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ती टिकत नाही, झाकण उघडं राहिलं तर त्याहून लवकर जाते. प्रथिनाचा रंग ६० सेकंदांनी वाचा, उन्हात नको, सावलीच्या उजेडात. एक प्लस म्हणजे साधारण डेसिलिटरला ३० मि.ग्रॅ. पण दाट लघवीत तो फुगून दिसतो आणि पाणी ढोसून आलेल्यात लपतो. म्हणून एक प्लस किंवा जास्त आलं, किंवा माणूस मधुमेही असेल, तर सकाळच्या पहिल्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण करा. ग्रॅममागे ३० मि.ग्रॅ.च्या आत ठीक, ३० ते ३०० मध्यम, ३०० च्या वर गंभीर. ताप, मासिक पाळी, लघवीचा जंतुसंसर्ग असेल तेव्हा नमुना घेऊ नका. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले असतील तरच पक्कं धरा.

आता पूर्व विदर्भ. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपुरात सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार) आहे, आणि तिथे टीएलआर-४ ची गोष्ट आणखी थेट लागू होते. सिकलच्या लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिनमधला हीम (लोह असलेला भाग) मोकळा होतो आणि तो रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या टीएलआर-४ ला चेतवतो. वर औषधशास्त्रवाल्या सरांनी लिहिलेली सगळी साखळी मग बिनजंतूची, बिनमधुमेहाची सुरू होते, तीही शाळकरी वयात. किडनीच्या आतल्या भागात प्राणवायू आधीच कमी आणि क्षार जास्त, तिथे पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात. पहिली खूण म्हणजे लघवी दाट करता न येणं. मुलगा रात्री उठून लघवीला जातो, अंथरूण ओलं करतो, आणि घरचे त्याला रागावतात. आशाताईंनी ही तक्रार ऐकली की रागवणं थांबवायला सांगावं आणि सिकलची तपासणी झाली आहे का ते पाहावं.

सिकलसेल आजार असलेल्या मुलाची लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वयाच्या १० व्या वर्षापासून दरवर्षी. क्रिएटिनिनवर इथे विसंबायचं नाही. या रुग्णांची किडनी सुरुवातीला जास्त गाळते आणि नळीही क्रिएटिनिन जास्त बाहेर टाकते, त्यामुळे आकडा ०.४-०.५ असा असतो. अशा मुलीचं क्रिएटिनिन ०.९ आलं तर प्रयोगशाळेच्या कागदावर ते 'नॉर्मल' छापून येतं, पण ते दुप्पट झालेलं असतं. मागचा आकडा कार्डावर लिहून ठेवा आणि त्याच्याशी ताडून पाहा.

अल्ब्युमिन टिकून वाढलेलं दिसलं तर इथेही एटी-१ चाच मार्ग अडवायचा, एसीई रोखणारं किंवा सार्टन (टेल्मिसार्टन-लोसार्टनच्या वर्गातलं) औषध लहान डोसात, पोटॅशियमवर नजर ठेवून. सिकलमध्ये पोटॅशियम बाहेर टाकण्याची ताकद आधीच मंदावलेली असू शकते, म्हणून पहिली तपासणी ४ आठवड्यांपर्यंत लांबवू नका, १ ते २ आठवड्यांत करा. बीपी या रुग्णांचं मुळात कमी असतं. त्यांच्यात १२० च्या पुढचा आकडाही दखल घेण्यासारखा.

दुखण्याच्या झटक्यात मात्र पेच आहे. सिकलचं दुखणं पॅरासिटामॉलने नेहमी भागत नाही आणि डायक्लो-आयब्युप्रोफेन सहज हातात येतात. ज्याच्या लघवीत अल्ब्युमिन आहे त्याला ती नकोतच. अशा रुग्णाच्या कार्डावर लाल शाईने लिहा, आणि ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फीन मिळेल अशा रुग्णालयाचं नाव आधीच ठरवून ठेवा. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलचं औषध चालू असेल तर तो चुकवू देऊ नका, पेशी कमी फुटतात म्हणजे हीमही कमी सुटतो. फक्त क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी क्रिएटिनिन किती गाळते याचं माप) ६० च्या खाली गेला की डोस निम्मा करावा लागतो.

तेंदूपत्ता तोडणीच्या दिवसांत सिकलचे रुग्ण पहाटे चारला जंगलात जातात आणि दुपारपर्यंत पाण्यावाचून राहतात. त्यांची किडनी पाणी राखूच शकत नाही, त्यामुळे इतरांना चालेल तेवढी तहान यांना चालत नाही. माणशी दोन लिटरची बाटली सोबत आणि तहान लागायची वाट न पाहता अर्ध्या तासाला घोट, असं फळीवरच्या (पत्ता जमा करण्याच्या जागेवरच्या) मुकादमाशीच बोलून ठरवा.

---

पूर्णाकाठचा_एमओ

वैनगंगाताई, क्रिएटिनिनची ती ओळ आमच्याकडच्या सुकलेल्या, हाडकुळ्या म्हाताऱ्या माणसांनाही लागू आहे. स्नायू कमी म्हणून त्यांचं क्रिएटिनिन १.१ वर दिसतं आणि किडनी अर्धीच चाललेली असते. प्रशिक्षक दादा, तुमच्या तक्त्यात नुसतं क्रिएटिनिन छापू नका, वय आणि लिंग घालून काढलेला ईजीएफआर त्याच्या शेजारी लिहायला लावा, आणि फार बारीक अंगाच्या माणसात तोही फुगलेला समजा.